आधी वजनकाटा, मग सायकल

वजन जास्त असेल आणि सायकल चालवायला लागायचं असेल, तर सुरुवात वजनकाट्यापासून करा. आकडा कितीही नकोसा वाटला तरी खरा तोच कागदावर लिहा, कारण पुढची निम्मी तयारी त्याच्यावर बेतलेली आहे. माझा आकडा 118 किलो होता. त्यात बूट, भरलेली बाटली आणि पाठीवरची सॅक मिळवा आणि मग सायकलच्या माहितीपत्रकात कमाल वजनमर्यादा शोधा. ती नीट वाचा. काही कंपन्या फक्त चालवणाऱ्याचं वजन सांगतात, तर काही सायकल आणि सामानासकट सगळं धरतात. एकूण मर्यादा 120 किलो असेल आणि सायकलच 15 किलोची असेल, तर तुमच्या आणि सामानाच्या वाट्याला 105 उरतात. बसत नसेल तर दुसरी सायकल बघा. ‘चालून जाईल हो’ असं कुणी म्हटलं तर त्यावर विसंबू नका. हँडल, सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) यांना कधीकधी वेगळी मर्यादा असते, विशेषतः ते कार्बन फायबरचे असतील तर. तेही विचारून घ्या.

आता मागचं चाक, आणि यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवायला सांगेन. सीटवर बसलेल्या माणसाचा भार दोन्ही चाकांवर सारखा पडत नाही. सरळ बसून चालवताना साधारण 60 टक्के किंवा त्याहून जास्त मागे जातो. माझा पहिला स्पोक, म्हणजे चाकातली तार, तुटला तेव्हा नुसता ‘टण्’ आवाज झाला. मला वाटलं खडा उडाला. थोडं पुढे गेल्यावर दर फेऱ्याला रिम, म्हणजे चाकाची धातूची कड, ब्रेकच्या रबराला घासायला लागली, तेव्हा उतरून पाहिलं. चाक 24 स्पोकचं होतं. दुकानात एक स्पोक बदलून चाकाचा आउट काढून, म्हणजे वाकडेपणा सरळ करून दिला आणि आठवड्याच्या आत शेजारचा गेला. त्यात नवल नव्हतं. एक तुटला की त्याचा ताण शेजारच्यांवर येतो आणि तेही थकतात. शेवटी 36 स्पोकचं, दुहेरी भिंतीच्या रिमचं चाक हाताने बांधून घेतलं आणि ती कटकट थांबली. नवी सायकल घेत असाल तर मागे निदान 32 स्पोक मोजून घ्या.

हे चाक तपासायला हत्यार लागत नाही. सायकल उचलून चाक फिरवा आणि रिम एकाच रेषेत फिरते का ते बघा. मग नखाने एकेक स्पोक छेडा. एका बाजूचे सगळे साधारण एकाच सुरात वाजायला हवेत. एखादा बद्द वाजला तर तो सैल आहे. तो स्वतः आवळत बसू नका, मेकॅनिककडे न्या. एक स्पोक आवळला की रिम तिकडे ओढली जाते.

टायर रुंद घ्या, फ्रेममध्ये मावतील तेवढे. 35 ते 45 मिलिमीटरचा टायर आपल्या वजनाला अरुंद टायरपेक्षा कितीतरी जास्त मानवतो. हवेची मर्यादा टायरच्या बाजूला पीएसआय या दाबाच्या एककात छापलेली असते. आपण तिच्या वरच्या भागात राहायचं, पण कमाल आकडा ओलांडायचा नाही, आणि मागे पुढच्यापेक्षा थोडी जास्त भरायची. अंगठ्याने दाबून अंदाज घेऊ नका, तो फसवतो. गेज (दाब दाखवणारी तबकडी) असलेला पंप घ्या आणि प्रत्येक लांब फेरीआधी लावा, कारण ट्यूबमधली हवा उभ्या सायकलमध्येही हळूहळू उतरते. ट्यूबला शेजारीशेजारी दोन बारीक भोकं पडलेली दिसली तर काट्याला दोष देऊ नका. हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटली गेली.

ब्रेक. वेग तोच असताना सायकलसकट 120 किलोला थांबवायला 80 किलोच्या दीडपट ऊर्जा जिरवावी लागते. वेग 20 वरून 30 वर गेला की ती सव्वादोन पट होते. म्हणून पॅड अर्धे झिजले की मी बदलतो, पार संपायची वाट बघत नाही. शक्य असेल तर हायड्रॉलिक डिस्क ब्रेक घ्या (तेलाच्या दाबाने चालणारे, चाकाच्या मध्याजवळच्या चकतीला धरणारे), बोटांवर जोर कमी येतो. लांब उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नका. वेग वाढायच्या आतच दोन्ही ब्रेक ठामपणे दाबा, वेग उतरला की सोडा, पुन्हा दाबा. उतार संपत नसेल तर मध्ये थांबून ब्रेक थंड होऊ द्या. डिस्कला हात लावू नका, भाजतो.

सीटपोस्टवर किमान किती आत हवा याची खूण कोरलेली असते. ती फ्रेमच्या आत गेलेली असायलाच हवी. सीट बसायच्या हाडांना आधार देईल इतकी रुंद हवी, जाड गादीची असलीच पाहिजे असं नाही. पॅडेड चड्डी घालणार असाल तर आत दुसरं काही घालू नका, शिवण घासते. हेल्मेट भुवयांच्या दोन बोटं वर, पट्टा बांधून. दिवे पुढे-मागे.

रक्तदाब, मधुमेह, हृदय किंवा गुडघ्याचा त्रास असेल, किंवा बरीच वर्षं व्यायाम नसेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर व्यायामात साखर एकदम खाली येऊ शकते. खिशात ग्लुकोज ठेवा. बीटा ब्लॉकर (रक्तदाब-हृदयाच्या काही गोळ्या) घेणाऱ्यांचे ठोके फारसे वाढत नाहीत, म्हणून त्यांनी ठोके मोजणाऱ्या घड्याळावर विसंबू नये. चालवताना पूर्ण वाक्य बोलता येतंय का, हीच कसोटी धरा. छाती आवळली, हातात किंवा जबड्यात कळ आली, चक्कर आली तर तिथेच उतरा आणि मदत बोलवा. घरापर्यंत पोचू, असं म्हणू नका.

रस्त्यावर येण्याआधी मोकळ्या मैदानात दोन गोष्टी घोटून घ्या. एक, थांबताना सीटवरून पुढे सरकून एक पाय जमिनीवर टेकवणं. उंच दांड्यावरून पाय टाकणं जड जात असेल तर खाली वाकलेल्या दांड्याची सायकल घ्या, त्यात काही कमीपणा नाही. दुसरं, खड्डा टाळता येत नसेल तर पॅडल आडवी ठेवून, गुडघे आणि कोपरं सैल सोडून सीटवरून जरा उठणं. तेवढ्याने मागच्या चाकाला बसणारा हिसका पाय झेलतात. चढावर गिअर हलका ठेवा आणि पाय भरभर फिरू द्या, नाहीतर गुडघे बोलायला लागतात.

पहिल्या काही फेऱ्या सपाट रस्त्यावर, अर्ध्या तासाच्या करा. त्यानंतर सायकल एकदा मेकॅनिककडे न्या आणि मागच्या चाकाचे स्पोक पुन्हा तपासून घ्या. नव्या चाकाचे स्पोक तुमच्या भाराखाली बसतात आणि तेव्हाच सैल पडतात.