वायरलेस ब्रॉडबँडचा स्पीड नेमका कुठे अडतो? या चुका टाळा

गच्चीवरच्या रेडिओवरून (टॉवरशी सिग्नलची देवाणघेवाण करणाऱ्या अँटेनाच्या उपकरणावरून) किंवा खिडकीतल्या ५जी राउटरवरून येणारं नेट रखडलं की पहिला संशय टॉवरवर जातो. पण डेटा तीन टप्प्यांनी येतो: टॉवर ते रेडिओ, रेडिओ ते राउटर आणि राउटर ते मोबाईल. बिघाड कोणत्या टप्प्यात आहे हे न पाहता वरचा प्लॅन घेणं ही सर्वांत महागात पडणारी चूक.

म्हणून आधी मोजा. लॅपटॉप केबलने राउटरच्या लॅन पोर्टला (घरातली उपकरणं जोडायच्या खाचेला) जोडा, त्याचं वाय-फाय बंद करा, बाकीची उपकरणं काढा आणि सकाळी, दुपारी व रात्री ९ ते ११ या वेळेत स्पीड टेस्ट घ्या. केबलवर पूर्ण स्पीड आणि वाय-फायवर निम्मा, तर दोष घरातला आहे. केबलवरही फक्त रात्रीच पडत असेल, तर बहुधा टॉवरवर गर्दी होते आहे. अँटेना हलवून ती कमी होणार नाही. दिवसभर कमीच असेल, तर रेडिओ आणि त्याची केबल तपासायची. टेस्टचा आकडा मेगाबिटमध्ये असतो, डाउनलोडची खिडकी बहुधा मेगाबाइट दाखवते. १०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला साधारण १२ मेगाबाइट उतरत असतील तर लाइन ठीक आहे.

प्लॅन २०० एमबीपीएसचा आणि टेस्ट कायम ९४ च्या आसपास अडकलेली? हा आकडा लक्षात ठेवा, कारण तो जवळजवळ नेहमी केबलकडे बोट दाखवतो. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात. एखादी तार तुटली किंवा कनेक्टरला गंज चढला की पोर्ट १०० वर उतरतं आणि वापरता येईल असा स्पीड ९४-९५ उरतो. दोन्ही टोकांचे आरजे-४५ (केबलच्या टोकाचे प्लास्टिकचे कनेक्टर) कापून नवे दाबून बसवा, म्हणजे क्रिंप करा, क्रम दोन्हीकडे सारखा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तरीही ९४ च येत असेल, तर रेडिओचं किंवा राउटरचं पोर्टच १०० चं आहे का ते पाहा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल इथे मुळीच वापरू नका. तिचा रोध जास्त असतो, लांब अंतरावर व्होल्टेज घसरतं आणि लोड वाढला की रेडिओ आपोआप रीस्टार्ट होतो. बाहेरच्या भागात उन्हात न तडकणारी, काळ्या जॅकेटची आउटडोअर केबलच हवी, एकूण लांबी १०० मीटरच्या आत. भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथेच गळून पडेल. नाहीतर ते केबलवरून ओघळत थेट घरात येतं.

रेडिओला नेटच्याच केबलमधून वीज देणाऱ्या पीओई अडॅप्टरवर दोन पोर्ट असतात: ‘पीओई’ रेडिओकडे, ‘लॅन’ राउटरकडे. पॅसिव्ह प्रकारात (समोरचं उपकरण न तपासता सरळ वीज सोडणाऱ्या) अदलाबदल झाली तर राउटरचं पोर्ट जळू शकतं. दुसऱ्या रेडिओचा अडॅप्टर लावून पाहण्याचा मोहही टाळा. काही रेडिओ २४ व्होल्टचे असतात, काही ४८ व्होल्टचे.

टॉवर डोळ्यांना दिसतो म्हणजे वाट मोकळी आहे, असंही नाही. लहरी सरळ रेषेभोवतीची फुगीर जागा व्यापतात. ५.८ गिगाहर्ट्झवर २ किलोमीटरच्या लिंकमध्ये या जागेची त्रिज्या मधोमध सुमारे ५ मीटर असते. त्यातली किमान ६० टक्के, म्हणजे ३ मीटर, रिकामी हवी. पानं गळलेली असताना बसवलेली लिंक नवी पालवी आली की ढासळते ती यामुळेच, आणि ओली पानं तर सिग्नल आणखी शोषतात. उपाय एकच: खांब उंच करा किंवा जागा बदला.

रेडिओच्या डिशची दिशा ठरवताना पहिल्याच चांगल्या आकड्यावर बोल्ट आवळू नका. डिशला मुख्य झोताशिवाय बाजूचे दुबळे झोतही असतात. सिग्नल वाढून पुन्हा पडेपर्यंत फिरवत जा, मग सर्वांत उंच आकड्यावर परत या. उणे ५० ते उणे ६५ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) उत्तम. उणे ७५ च्या खाली गेला की स्पीड नक्की घसरतो. वादळानंतर क्लॅम्प सैल झालाय का ते पाहाच.

खिडकीतल्या ५जी राउटरला बारच्या काड्यांवरून जोखू नका. सेटिंगमधला एसआयएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ आहे तो आकडा, पाहा: २० च्या वर छान, शून्याच्या खाली वाईट. राउटर अर्धा-अर्धा मीटर सरकवा आणि दरवेळी दोन मिनिटं थांबून आकडा वाचा. उष्णता रोखणाऱ्या लेपाच्या काचा सिग्नलही रोखतात.

व्यवसायासाठी एक गोष्ट आधीच विचारून घ्या. राउटरचा वॅन आयपी (कंपनीकडून राउटरला मिळालेला इंटरनेट पत्ता) १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल, तर तुम्ही अनेक ग्राहकांच्या सामायिक पत्त्यामागे आहात. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी घरातल्या ठराविक उपकरणाकडे वळवणं) कितीही नीट केलं तरी बाहेरून कॅमेरे किंवा सर्व्हर उघडणार नाहीत. स्थिर पब्लिक आयपीच मागावा लागेल. बॅकअप अपलोड होताना व्हिडिओ कॉल तुटत असेल, तर राउटरमध्ये एसक्यूएम (डेटाची रांग नीट लावून कॉलला वाट देणारी सोय) चालू करून अपलोडची मर्यादा मोजलेल्या सर्वांत कमी स्पीडच्या ८५ टक्क्यांवर ठेवा.

तरीही तक्रार करावी लागली, तर ‘नेट स्लो आहे’ एवढंच सांगू नका. केबलवरच्या तीन वेळांच्या टेस्ट, सिग्नलचा आकडा आणि पोर्ट १०० वर आहे की १००० वर, एवढं कळवा. तंत्रज्ञ योग्य सामान घेऊन येईल.