संयत शार्डोने जेवणासोबत चाखताना या चुका टाळा

शाब्लीची, म्हणजे फ्रान्समधल्या शाब्ली भागात शार्डोने या पांढऱ्या द्राक्षापासून होणाऱ्या वाइनची, बाटली उघडली, पहिला घोट घेतला आणि "ही तर नुसती आंबट आहे" म्हणून ग्लास बाजूला सारला, असं फार वेळा घडतं. बहुतेक वेळा बाटलीत काहीच बिघडलेलं नसतं. गडबड फ्रिजमध्ये किंवा ताटात असते आणि ती बसल्या जागी सुधारता येते.

पहिली चूक गारव्याची. घरातला फ्रिज साधारण 4 अंश सेल्सिअसवर चालतो. इतक्या थंड वाइनचा वास दबून जातो आणि जिभेला जाणवतं ते फक्त आम्ल, वाइन ओकच्या लाकडी पिंपात मुरलेली असेल तर त्या लाकडाचा कडवटपणाही. पोलादी टाकीत तयार झालेली शार्डोने 10 अंशांच्या आसपास प्यावी, पिंपात मुरलेली 12-13 ला. बाटली वीसेक मिनिटं आधी बाहेर काढा. ग्लास काठोकाठ भरू नका. एक तृतीयांश भरला तरच वाइन फिरवता येते आणि वास वर येतो.

दुसरी चूक अपेक्षेची. शार्डोने म्हणजे लोणी आणि व्हॅनिला, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. लोण्याचा वास येतो तो मॅलोलॅक्टिक प्रक्रियेतून: जिवाणू तीव्र मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात आणि त्या ओघात लोण्याचा वास देणारं डायअॅसिटिल तयार होतं. व्हॅनिला येतो नव्या ओकमधून. संयत शैलीत या दोन्ही गोष्टींना लगाम असतो, त्या पूर्ण वर्ज्य नसतात. फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतात 228 लिटरच्या पिंपात आंबवलेल्या कितीतरी वाइन अतिशय तोलाच्या असतात, कारण त्यातली नवी पिंपं मोजकी. कॅलिफोर्नियातही हाच विचार घेऊन वाइन व्यवसायातले राजत पार आणि जॅस्मिन हिर्श यांनी 2011 मध्ये तोलाच्या वाइनचा पुरस्कार करणारं 'इन पर्सूट ऑफ बॅलन्स' हे व्यासपीठ सुरू केलं, ते 2016 पर्यंत चाललं. अल्कोहोल किती, यावर तेव्हा बराच वाद झाला. माझ्या मते लेबलवरच्या आकड्यावरून तोल ठरवणं हीसुद्धा चूकच. तो तोंडात ठरतो.

आता ताटाकडे वळू, कारण खरी मजा इथे आहे. एक प्रयोग जरूर करा. वाइनचा घोट घ्या, मग लिंबाची फोड मिठात बुडवून चाटा आणि लगेच पुन्हा तीच वाइन प्या. मघाशी बोचणारं आम्ल मवाळ लागेल, फळाची चव पुढे येईल. ग्लासात काहीच बदललेलं नाही, बदलली ती जीभ. म्हणून वाइन आंबट वाटली तर बाटलीला नावं ठेवण्याआधी माशावर थोडं मीठ भुरभुरा, लिंबू पिळा. कालवांबरोबर शाब्ली शोभते ती या खारटपणामुळेच.

उलट गोड सॉस असेल तर कोरडी वाइन रोड आणि आंबट भासते. इथे कितीही लिंबू पिळलं तरी मेळ बसत नाही, सॉसच बदलावा लागतो. तिखटाने अल्कोहोलची जळजळ वाढते. धुरावलेला किंवा करपवलेला पदार्थ अशा नाजूक वाइनला झाकून टाकतो. लोणी-सायीचं वावडं नाही, फक्त ते माफक हवं: साधा भाजलेला कोंबडा, लोण्यावर परतलेली मशरूम, बकरीच्या दुधाचं ताजं चीज. स्निग्धपणा आम्लाला टेकू देतो आणि आम्ल पुढच्या घासासाठी तोंड स्वच्छ करतं. हे एकमेकांना धरून चालणं मला कुठल्याही दणदणीत वाइनपेक्षा जास्त आवडतं.

चाखण्याचा क्रमही सांभाळा. भरपूर ओकची वाइन आधी प्यायलात तर नंतरची संयत वाइन पाण्यासारखी लागणारच.

काही खुणांनी उगाच घाबरायला होतं. विझवलेल्या काडीसारखा वास आला तर ग्लास जोरात फिरवा, पाच-दहा मिनिटं थांबा. बऱ्याचदा तो विरतो आणि थोडा उरला तरी कित्येकांना हवाहवासा वाटतो. तळाशी काचेसारखे खडे दिसले तर ते टार्टारिक आम्लाचे क्षार आहेत, निरुपद्रवी. पण ओल्या पुठ्ठ्याचा वास येत असेल तर बूच सदोष आहे, तो वास हवेने जात नाही. बाटली परत करा. कोवळ्या वयातच रंग गडद सोनेरी आणि चव डागाळलेल्या सफरचंदाची असेल तर वाइनला अकाली हवा लागली आहे. 1990 च्या दशकाच्या मध्यापासूनच्या पांढऱ्या बर्गंडीत हा त्रास बऱ्याच जणांनी भोगला.

आणि पहिल्या ग्लासावर निकाल देऊन उरलेली वाइन ओतून देऊ नका. बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी जेवताना पुन्हा घ्या. काल मिटून बसलेली चांगली शार्डोने दुसऱ्या दिवशी अनेकदा जास्त मोकळी लागते.