रेडिएटर फॅन बदलायला बसण्याआधी

नागपुरात गाडीचा रेडिएटर फॅन बदलायचा असेल तर मार्च संपायच्या आत बदलून घ्या. घरातला कूलर आपण होळीच्या सुमारास खाली काढतो, ताट्या बदलतो, पंप चालवून पाहतो. गाडीची आठवण मात्र मे अखेरच्या नवतप्यात येते. तोवर पारा ४५ च्या पुढे गेलेला असतो, गॅरेजात रांग लागलेली असते आणि आपल्या मॉडेलचा फॅन नेमका दुकानात नसतो. बहुतेक छोट्या गाड्यांत फॅन काढून बसवणं हे अर्ध्या दिवसाच्या आतलं काम आहे. पैसे आणि वेळ वाया जातात ते आधीची तयारी कच्ची राहिल्यामुळे.

सगळ्यात आधी दोष फॅनचाच आहे ना, याची खात्री करा. गाडी कधी तापते ते आठवा. व्हरायटी चौकातल्या गर्दीत काटा चढतो, एसीची हवा सिग्नलवर कोमट होते आणि वर्धा रोडला लागून वेग घेतला की सगळं पुन्हा ठीक होतं, असं असेल तर संशय फॅनवरच घ्यावा. वेगात समोरून येणारा वारा रेडिएटर गार ठेवतो, उभ्या गाडीत ते काम फॅनला करावं लागतं. पण समृद्धीवर १०० च्या वेगात गाडी तापत असेल तर फॅन विकत घेऊ नका. तिथे कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) कमी असणं, थर्मोस्टॅट (कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप) अडकणं, रेडिएटर आतून चोंदणं किंवा वॉटर पंप, यांपैकी काहीतरी असतं.

मग बोनेट उघडून, गाडी चालू ठेवून एसी लावा. एसी लागल्यावर थोड्याच वेळात फॅन फिरायला हवा. दोन फॅन असतील तर दोन्ही बघा. फिरला नाही तर फ्यूज बॉक्समधला फॅनचा फ्यूज बघा, बऱ्याच गाड्यांत तो ३० किंवा ४० अँपिअरचा असतो. रिले, म्हणजे फॅनचा करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच, तपासायला मीटरसुद्धा लागत नाही. त्याच बॉक्समध्ये अगदी त्याच नंबरचा दुसरा रिले, बहुधा हॉर्नचा, सापडतो. तो अदलाबदल करून पाहायचा. बऱ्याच नव्या गाड्यांत कूलंटच्या टेम्परेचर सेन्सरचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढला की ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सुरक्षिततेसाठी फॅन आपणहून चालू करतो. तसा तो चालू झाला तर मोटर, रिले आणि वायरिंग चांगली आहे, शोध सेन्सरकडे वळवा. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागेल, त्याने घाबरू नका.

शेवटची चाचणी थेट बॅटरीवरून घ्या. इंजिन बंद, फॅनचा कपलर काढलेला, दोन जाड वायरी, आणि पॉझिटिव्ह वायरीत ३० अँपिअरचा फ्यूज. हा फ्यूज टाळू नका, मोटर आतून शॉर्ट असेल तर वायर हातात जळते. फॅन जोरात फिरला तर मोटर शाबूत आहे. कण्हत फिरला, किंवा लाकडी काडीने पात्याला ढकलल्यावरच सुरू झाला, तर मोटरच्या आतले कार्बन ब्रश झिजलेत. बोटाने ढकलायचा मोह अजिबात नको.

आता फॅनच्या त्या कपलरकडे नीट बघा, कारण नवा फॅन पुन्हा का जातो याचं उत्तर बरेचदा इथेच असतं. म्हातारी झालेली मोटर जास्त करंट ओढते, त्याने कपलरच्या आतली पिन तापते, तिची स्प्रिंग ढिली पडते आणि ढिल्या पिनेमुळे ती आणखी तापते. प्लॅस्टिक आधी पिवळं पडतं, मग तपकिरी, मग एका बाजूने वितळून बसतं. असा कपलर तसाच ठेवून नवा फॅन लावला तर पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही पुन्हा याच जागी उभे असाल. फॅनबरोबर वायरीसकट नवा कपलर घ्या, त्याच जाडीच्या वायरीचा. अर्थिंगचा बोल्टही उघडून पॉलिश पेपरने घासून घ्या.

खरेदीला जाताना आरसी किंवा चेसिस नंबर जवळ ठेवा आणि जुन्या फॅनवरच्या स्टिकरचा फोटो काढून न्या. एकाच मॉडेलच्या पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी गाडीत फॅन वेगळा असू शकतो, कपलरच्या पिनांची संख्याही बदलते. माझं मत विचाराल तर मोटर, पातं आणि भोवतालचं प्लॅस्टिकचं कव्हर अशी पूर्ण असेंब्लीच घ्या. नुसती मोटर स्वस्त पडते, पण पात्याचा नट काही गाड्यांत उलट्या आट्यांचा असतो आणि उन्हाने कडक झालेलं पातं काढताना तडकतं. कव्हर नसलेला फॅन कुणी केबल टायने रेडिएटरला बांधून देत असेल तर नको म्हणा. कव्हरमुळेच हवा पूर्ण जाळीतून ओढली जाते, नाहीतर पात्यासमोरची चकती तेवढी गार होते. आणि ‘डायरेक्ट करून देतो, डॅशवर स्विच लावू’ यालाही नकार द्या. स्विच लावायचा एकदा विसरलात की इंजिन तापून हेड गॅसकेटचा (इंजिनच्या दोन भागांमधल्या सीलचा) खर्च येतो. इलेक्ट्रिकचा माल दुकानदार सहसा परत घेत नाहीत, म्हणून काउंटरवरच फॅन बॅटरीवर फिरवून बघा आणि जुन्या फोटोशी खाचा जुळवून मगच पैसे द्या.

हत्यारं फार लागत नाहीत. १० नंबरची गोटी, लांब एक्सटेन्शन, टी पाना, दोन्ही प्रकारचे स्क्रू ड्रायव्हर, होज क्लिपसाठी पक्कड, मल्टिमीटर. बंपरच्या वरच्या प्लॅस्टिक क्लिपा मूठभर जास्तीच्या आणा, जुन्या हमखास तुटतात. शिवाय रेडिएटरच्या मापाचा एक जाड पुठ्ठा हवाच. फॅन वर उचलताना कव्हरची कड रेडिएटरच्या नाजूक पाकळ्यांना घासते, तो पुठ्ठा मध्ये सरकवून ठेवायचा. वरचा होज काढावा लागणार असेल तर कंपनीने सांगितलेल्या प्रकारचं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर आणून ठेवा. कूलंटच्या रंगावर विसंबू नका, एकाच रंगात वेगवेगळे प्रकार येतात. खाली पसरट टब लागेलच. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. उन्हाळ्यात आपल्या गल्लीतली कुत्री पाण्यासाठी वणवण फिरत असतात, त्यांना ते थारोळं पाण्यासारखंच दिसतं. एक थेंबही जमिनीवर ठेवू नका.

दिवस निवडताना रविवारी बरीच स्पेअर पार्टची दुकानं बंद असतात हे लक्षात घ्या. गाडी रात्रीच सावलीत उभी करा आणि पहाटे कामाला लागा. आठनंतर बोनेटच्या पत्र्यालाही हात लावणं नकोसं होतं. रात्रभर थंड झालेल्या इंजिनाचाच रेडिएटर कॅप उघडायचा, गरम असताना कधीच नाही. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. काही गाड्यांत चावी बंद असतानाही फॅन अचानक सुरू होतो आणि पात्याला बोट कळत नाही. बोल्ट सोडण्याआधी वायरी कुठून कुठे गेल्यात याचे फोटो घ्या.

जुना फॅन निघाला की रेडिएटर उघडा पडतो, ही संधी सोडू नका. इंजिनच्या बाजूने पुढच्या दिशेला साध्या पाइपचं पाणी हळू मारा. धूळ, किडे, झाडांचा कापूस सगळं बाहेर येतं. जोराचा प्रेशर वॉशर पाकळ्या वाकवतो.

नवा फॅन बसवताना कव्हरच्या खालच्या जिभा खाचांत खरंच बसल्यात का, ते टॉर्च मारून बघा. वरचे बोल्ट लागतात म्हणून खालचं बसलं असं होत नाही. बोल्ट हाताने पूर्ण फिरवून मगच पाना लावा.

निगेटिव्ह जोडल्यावर एसी लावा आणि रेडिएटरच्या पुढच्या जाळीवर कागदाचा तुकडा धरा. इंजिनच्या बाजूला बसवलेल्या फॅनने तो आत ओढून चिकटवायला हवा. उडाला तर वायरी उलट जोडल्यात. कूलंट काढलं असेल तर ते पुन्हा भरून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून आत अडकलेली हवा निघू द्या. मग एसी बंद करून गाडी जागेवर चालू ठेवा. कूलंट साधारण ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोचल्यावर फॅन लागतो आणि थोड्या वेळाने थांबतो. असं दोनदा होईपर्यंत गाडीपासून हलू नका. दुसऱ्या दिवशी इंजिन थंड असताना कूलंटच्या बाटलीतली पातळी बघा, कमी वाटली तर भरा. जुना फॅन लगेच भंगारात देऊ नका, नवा काही आठवडे नीट चालेपर्यंत तो घरीच असू द्या.