सुपरसिमेट्रीशिवायच्या व्हॅक्युमला ‘स्थिर’ म्हणताय? या चुका टाळा

गोव्यात एमएस्सीला स्ट्रिंग थिअरीवर प्रकल्प घेणारी मुलं थोडीच. पण त्यांच्या मसुद्यांत एक वाक्य हमखास सापडतं: “हा व्हॅक्युम स्थिर आहे.” व्हॅक्युम म्हणजे सिद्धांताची समीकरणं पाळणारी, कणांविना रिकामी अशी विश्वाची स्थिती. ती कशापुढे स्थिर, ते मात्र लिहिलेलं नसतं. सुपरसिमेट्री (बोसॉन आणि फर्मिऑन कणांची जोडी लावणारी सममिती) शाबूत असेल तर एवढं खपून जातं, कारण ऊर्जा खाली घसरू न देणारा युक्तिवाद पाठीशी असतो. ती मोडली की हा आधार जातो आणि एकेक शक्यता स्वतः तपासावी लागते.

ऋण चिन्ह दिसताच घाबरणं. अँटी-डी सिटर अवकाशात (ऋण व्हॅक्युम ऊर्जेच्या वक्र अवकाशात) फील्डच्या वस्तुमानाचा वर्ग थोडा ऋण असला तरी चालतो. किती, ते ब्राइटेनलोनर आणि फ्रीडमन यांनी १९८२ मध्ये सांगितलं: अवकाशाच्या वक्रतेच्या त्रिज्येच्या वर्गाने गुणून चार मितींत −९/४, पाच मितींत −४. अकरा मितींची सुपरग्रॅव्हिटी (सुपरसिमेट्रीसह गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत) सात मितींच्या गोलावर गुंडाळली की जो पूर्ण सुपरसिमेट्रिक व्हॅक्युम मिळतो, त्यात सत्तरच्या सत्तर स्केलरांचं (दिशा नसलेल्या फील्डांचं) उत्तर −२ येतं, आणि तो ठणठणीत आहे.

तुमचा आकडा मर्यादेखाली गेला तर आधी त्रिज्या कुठली घातलीत ते बघा. प्रत्येक क्रिटिकल पॉइंटला (पोटेन्शियलचा उतार शून्य होतो तिथे, म्हणजे प्रत्येक व्हॅक्युमला) पोटेन्शियलची किंमत वेगळी, म्हणून त्रिज्याही वेगळी. एकाची दुसऱ्याला लावली की गणित फसतं. मग कायनेटिक टर्म बघा. ती प्रमाणित रूपात नसेल तर पोटेन्शियलचे नुसते दुसरे डेरिव्हेटिव्ह घेऊन भागत नाही, फील्ड-स्पेसच्या मेट्रिकचा इन्व्हर्सही लावावा लागतो. मी पाहिलेले बरेचसे ‘टॅकिऑन’ (अस्थिरता दाखवणारे मोड, म्हणजे कंपनप्रकार) इथेच गळून पडले.

गणित सोपं करताना ठेवलेलेच मोड तपासून मोकळं होणं. ही सगळ्यात महागडी चूक. याच सिद्धांतात एसओ(३) × एसओ(३) सममितीचा एक सुपरसिमेट्री नसलेला व्हॅक्युम आहे. चार मितींत राखलेले सगळे स्केलर मर्यादेच्या आत, म्हणून तो वर्षानुवर्षं आशेचा किरण मानला गेला. २०२० मध्ये मालेक, निकोलाय आणि सॅम्टलेबेन यांनी वरच्या पायऱ्यांवरचे कालुझा-क्लाइन मोड (गुंडाळलेल्या मितींतली कंपनं) काढले, तर तिथे टॅकिऑन निघाले. मांडवीवरचा जुना पूल १९८६ मध्ये पडला तोही आतल्या गंजामुळे. वरून पाहून काय कळणार होतं?

“वरचे मोड जड, ते कशाला बघायचे?” असं मुलं विचारतात. पण मेट्रिक आणि फ्लक्स (गुंडाळलेल्या मितींतून जाणारं फील्ड) यांची कंपनं एकमेकांत मिसळतात आणि वस्तुमान खाली ओढलं जातं. सुपरसिमेट्री नसलेल्या ओरिएंटिफोल्ड मॉडेलांच्या (स्ट्रिंगची दिशा उलटवणाऱ्या सममितीने घडवलेल्या मॉडेलांच्या) अँटी-डी सिटर सोल्यूशनमध्ये कोनीय संवेगाच्या २, ३, ४ या किमतींनाच मर्यादा मोडते, त्यापुढे पुन्हा सगळं ठीक. म्हणजे शिडीची पहिली पायरी पाहून भागत नाही. (ट्रंकेशन, म्हणजे बाकीचे मोड शून्य धरणं, ‘कन्सिस्टंट’ आहे म्हणून स्थिरताही आली, हा गैरसमज तर दर वर्षी नव्याने भेटतो.)

टॅकिऑन नाही म्हणजे व्हॅक्युम आहे, असं धरणं. १९८६ ची, सुपरसिमेट्री नसलेली एसओ(१६) × एसओ(१६) हेटेरॉटिक स्ट्रिंग टॅकिऑनमुक्त आहे. पण एका लूपला (पहिल्या क्वांटम दुरुस्तीला) शून्य नसलेली व्हॅक्युम ऊर्जा येते, ती डायलेटॉनला (स्ट्रिंगच्या परस्परक्रियेची ताकद ठरवणाऱ्या फील्डला) ढकलते, आणि सपाट दहा मितींचं अवकाश सोल्यूशनच राहत नाही. जे सोल्यूशनच नाही त्याच्या स्थिरतेची चर्चा कशाला?

“क्षय होईल, पण फार हळू” असं म्हणून सुटणं. डी सिटरमध्ये (धन व्हॅक्युम ऊर्जेच्या अवकाशात) हे चालतं. स्ट्रिंग थिअरीतून डी सिटर व्हॅक्युम मिळवणाऱ्या २००३ च्या केकेएलटी रचनेची सगळी भिस्त दीर्घायुष्यावरच आहे. अँटी-डी सिटरमध्ये नाही. तिथे क्षयातून जन्मून फुगत जाणारा बुडबुडा (आत वेगळा व्हॅक्युम असलेला) मर्यादित वेळात सीमेपर्यंत पोचतो, आणि सीमेलगत आकारमान अनंत असल्याने कुठे ना कुठे तो आधीच जन्मलेला असतो. विटेन यांनी १९८२ मध्ये दाखवलेला, आत अवकाशच नसलेला ‘काहीच नाही’चा बुडबुडा विसरू नका, लहान कंपनांच्या कुठल्याच तक्त्यात तो दिसत नाही.

ऊगुरी-वाफा यांचं अनुमान पुरावा म्हणून वापरणं. फ्लक्सवर उभे असलेले, सुपरसिमेट्री नसलेले अँटी-डी सिटर व्हॅक्युम अस्थिरच असतात, हे त्यांचं २०१६ चं अनुमान आहे, सिद्ध झालेलं प्रमेय नव्हे. त्याचा हवाला देऊन क्षयाची वाट शोधणं टाळता येत नाही. मॅसिव्ह टू-ए या दहा मितींच्या सुपरग्रॅव्हिटीतल्या, सुपरसिमेट्री नसलेल्या जी२ सममितीच्या व्हॅक्युमचे कालुझा-क्लाइन मोड २०२० मध्ये तपासले गेले, आणि ते सगळे मर्यादेच्या आत निघाले. अनुमानाला अपवाद सापडला असं वाटत होतं. वर्षभरातच त्याच व्हॅक्युमला गिळणारा, डी२-ब्रेनचा (दोन मितींच्या पडद्यासारख्या घटकाचा) प्रभार ल्यालेला बुडबुडा कुणीतरी प्रत्यक्ष सोडवून दाखवला.