कच्च्या वाटेवर ट्यूबची हवा आणि व्हॉल्व्हचा नट
काटोल किंवा उमरेडकडच्या कच्च्या वाटांवर ड्युअल-स्पोर्ट (डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांवर चालणारी) मोटरसायकल नेताना ट्यूबच्या टायरमधील हवा थोडी कमी केल्यास मुरुमावर पकड सुधारते. मात्र रिम-लॉक (टायर रिमवर घट्ट दाबून धरणारा क्लॅम्प) बसवलेले नसेल, तर साधारण २० पीएसआयच्या खाली जाणे मी तरी सुचवणार नाही. हवा फार कमी असताना जोरात ब्रेक लावला की टायर रिमवर सरकतो, ट्यूबलाही सोबत ओढतो आणि व्हॉल्व्ह मुळाशी फाटतो. म्हणून व्हॉल्व्हचा नट रिमवर न आवळता वर टोपणापाशी फिरवून ठेवावा, म्हणजे व्हॉल्व्ह तिरका होऊ लागल्यास वेळीच दिसते. हवा सकाळी, टायर थंड असतानाच मोजावी. नागपूरच्या मे महिन्यातील उन्हात तापलेल्या टायरचा आकडा फसवा असतो. डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी छोट्या पंपाने दाब पूर्ववत करावा.