फ्लॅटच्या गॅलरीतून पाच वॅट: २० मीटरसाठी तारेचा अँटेना

हॅम म्हणजे हौशी रेडिओवर, २० मीटरच्या (१४ मेगाहर्ट्झच्या) पट्ट्यात १०० वॅटवरून ५ वॅटवर आलात तर समोरच्याकडे सिग्नल १३ डेसिबलने, म्हणजे एस-मीटरवर (रेडिओवरच्या सिग्नल मोजणाऱ्या काट्यावर) साधारण दोन घरं खाली येतो. मोर्सला (टिंब-रेघांच्या संदेशांना) हे सहज परवडतं. फ्लॅटमध्ये घोडं अडतं ते अँटेनापाशी आणि घरातल्या गोंगाटापाशी. हॅमचा परवाना हातात आहे असं इथे धरलं आहे.

साधी पीव्हीसी वायर १०.५ मीटर घ्या. फायबरच्या गळाच्या काठीने ती ग्रिलपासून निदान मीटरभर बाहेर काढा आणि सोसायटीला विचारून तिरकी गच्चीकडे न्या. टोकाला नायलॉनची दोरी. ग्रिलला लागून नेलेली तार ट्यून होते, पण निम्मी मेहनत लोखंडात जाते. ५ वॅटलाही तारेच्या टोकांवर शंभरेक व्होल्ट असतात, तेव्हा कुणाचा हात पोचणार नाही असं पाहा.

तारेच्या खालच्या टोकाला ४९:१ ट्रान्सफॉर्मर लागतो, तो तारेचा मोठा रोध रेडिओच्या केबलशी (कोअॅक्सशी) जुळवतो. एफटी१४०-४३ टोरॉइडवर (फेराइटच्या कड्यावर) २१ गेजच्या एनॅमल तारेचे (मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे मिळते) १४ वेढे, दुसऱ्या वेढ्यावर टॅप (मधूनच काढलेलं टोक). टॅपला कोअॅक्सची मधली तार, सुरुवातीला शील्ड (कोअॅक्सची बाहेरची जाळी), चौदाव्याला अँटेना. टॅप आणि शील्डमध्ये १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर. तार जोडण्याआधी अँटेना आणि शील्डमध्ये २.२ किलोओम व २७० ओमचे रेझिस्टर सिरीजमध्ये लावून तपासा, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून ताकद परत येण्याचं माप, १ म्हणजे उत्तम) १.५ च्या वर गेला तर बहुतेक वेळा वेढे मोजण्यात चूक असते. आतून गेलेली प्रत्येक फेरी म्हणजे एक वेढा.

शील्डला मीटरभर तार लोंबती सोडा आणि रेडिओजवळ कोअॅक्सचे दहा वेढे दुसऱ्या टोरॉइडवर घ्या. हे टाळलं की कोअॅक्सच अँटेना बनतं: की-ला (मोर्सच्या कळीला) हात लावला तर चुरचुरतं, राउटर बंद पडतो.

तार जोडल्यावर सर्वात कमी एसडब्ल्यूआर हव्या त्या १४.०६ ऐवजी १३.८ मेगाहर्ट्झला दिसला तर नवी लांबी १०.५ × १३.८ ÷ १४.०६ = १०.३१ मीटर. जास्तीचे १९ सेंटीमीटर कापू नका, मागे दुमडून तारेवरच गुंडाळा.

आता रेडिओ १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावून मेन एमसीबी पाडा. १४.०६० मेगाहर्ट्झवर खरखर गेली तर चोर घरातच आहे. एकेक स्विच चालू करत जा. स्वस्त एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर आधी तपासा. खरखर राहिलीच तर ती बहुधा शेजारून येते, तेव्हा तार भिंतीपासून आणखी लांब न्या.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडाट ऐकू यायच्या आधीच, आभाळ भरून आलं की कोअॅक्स रेडिओपासून सोडवून गॅलरीबाहेर ठेवा.