लाकडी कॅमेरा, पाच घरं आणि एकच पट्टी

मी चाळीसगावला शाळेत चित्रकला शिकवते. दर वर्षी सातवीच्या मुलांना स्टेशनजवळच्या केकी मूस यांच्या घरी घेऊन जाते. घरातल्या साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडून त्या माणसानं अशी छायाचित्रं काढली, की बघणाऱ्याला तो खराखुरा देखावाच वाटावा. तिथून परतताना एकदा मी मुलांना दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' कसा काढला ते दाखवणाऱ्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या २००९ च्या चित्रपटाबद्दल सांगत होते. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, फाळके कॅमेऱ्याचं ते हँडल फिरवतात तेव्हा आत काय होतं?" मला नीट सांगता आलं नाही. तो कॅमेरा आपणच करून बघायचा, हे त्या दिवशी ठरलं.

एकटीच्या हातून हे होणार नव्हतं. लाकूड, पितळ, दातेरी चाकं, अक्षरं, पॉलिश, प्रत्येकाचा हात वेगळा. म्हणून आम्ही पाच जण जमलो: पारोळ्याचे सुतार अण्णा, जळगाव एमआयडीसीत लेथ चालवणारा भाऊ, भुसावळचे निवृत्त रेल्वे फिटर काका, धुळ्याला दुकानांच्या पाट्या रंगवणारे दादा आणि मी. पैसे कमवायला कोणीच आलेलं नव्हतं. पाच गावांतली पाच माणसं मिळून एक वस्तू करणार असतील, तर त्यांनी काय सांभाळावं, ते आमच्या दीड वर्षाच्या अनुभवावरून लिहिते आहे.

पहिलं काम मापाचं. पडद्यावरच्या वस्तूचं माप कोणी हातात देत नाही, ते आपल्यालाच काढावं लागतं. चित्रपट थांबवून कॅमेरा अगदी समोरून किंवा अगदी बाजूनं दिसतो अशी दृश्यं शोधा. तिरक्या कोनातली सोडून द्या, ती हमखास फसवतात. त्यातून सेंटीमीटर काढायच्या भानगडीत पडू नका, प्रमाण काढा: उंची रुंदीच्या किती पट, हँडलचा मध्य तळापासून किती उंचीवर, भिंगाची नळी दर्शनी फळीच्या कितव्या हिश्श्यात. माणसाच्या हातावरून माप धरायचा मोह होतो, पण हात कॅमेऱ्याच्या थोडा पुढे किंवा मागे असला तरी हिशेब चुकतो.

प्रमाण हाती आलं, की एक तरी पक्कं माप लागतं. आम्हाला ते फिल्मनं दिलं. फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून आणलेला विल्यमसन कॅमेरा ३५ मिलिमीटर फिल्मवर चालायचा, आणि ही रुंदी आजही तीच आहे. फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी, म्हणजे १६ चित्रं, एक चौकट साधारण १९ मिलिमीटर उंच, आणि प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना चार-चार छिद्रं. त्या काळच्या उभ्या इंग्लिश कॅमेऱ्यांत रिळांच्या दोन पेट्या एकावर एक बसायच्या. ४०० फुटांचं रीळ धरलं आणि फिल्मची जाडी ०.१५ मिलिमीटर मानली, तर गुंडाळीचा व्यास साडेपंधरा सेंटीमीटरच्या आसपास येतो. अशा दोन गुंडाळ्या, मध्ये एक फळी, वरखाली थोडी मोकळी जागा आणि बाहेरच्या फळ्या मिळून डब्याची उंची ४० सेंटीमीटर ठरली. बाकी सगळी मापं प्रमाणावरून काढली. अंदाजानं डबा केला असता तर तो नुसता डबाच दिसला असता. पोटात रीळ मावेल असं माप धरल्यामुळे तो बाहेरूनही कॅमेरा दिसतो.

भिंगाच्या बाबतीत जपा. मोठं भिंग छान दिसतं म्हणून सगळ्यांना मोठंच हवं असतं. ५० मिलिमीटर नाभीय अंतराचं, एफ ३.५ चं भिंग घेतलं तर ५० भागिले ३.५, म्हणजे काचेचा व्यास जेमतेम दीड सेंटीमीटर होतो. आमच्यातही यावर बरंच बोलणं झालं. दादांना मोठं हवं होतं, काकांना लहान. शेवटी आकडा काकांच्या बाजूनं होता.

आता आमची सगळ्यात मोठी चूक सांगते, कारण एकत्र काम करणाऱ्या कोणाचीही ती होऊ शकते.

मी चित्र काढलं सेंटीमीटरमध्ये. त्याच्या छायाप्रती चौघांना पाठवल्या. अण्णा आयुष्यभर इंच आणि सूत यांत काम करत आलेले, एका इंचाचे आठ सूत. भाऊ व्हर्नियरवर मिलिमीटर वाचतो. हँडलच्या दांड्यासाठी चित्रात '१६ मिमी' लिहिलं होतं. भाऊनं बरोबर १६ मिलिमीटरचा दांडा काढला. अण्णांनी सोळा म्हणजे पाच सूत असं मनात धरलं आणि पाच सुताच्या गिरमिटानं भोक पाडलं. पाच सूत म्हणजे १५.८७५ मिलिमीटर. हा फरक डोळ्याला दिसत नाही. मे महिन्यात, जळगावच्या उन्हात, लाकूड कोरडंठक्क झालेलं असताना, आम्ही तो दांडा लाकडी हातोडीनं ठोकून बसवला. फिरायचा तर प्रश्नच नव्हता, आणि तिसऱ्या ठोक्याला बाजूची फळी रेषेत उभी चिरली. शंभर वर्षांचं सागवान होतं ते, पारोळ्याच्या एका पाडलेल्या धाब्याच्या घराच्या दाराचं. अण्णा काही बोलले नाहीत. फळीवरून हात फिरवत बसले. मग म्हणाले, "ताई, बठ्ठासनी पट्टी एकच ऱ्हाऊ द्या." म्हणजे सगळ्यांची पट्टी एकच राहू द्या.

त्या संध्याकाळी आम्ही एकाच कंपनीच्या, एकाच दुकानातल्या पाच स्टीलच्या पट्ट्या घेतल्या. एकीवर एक ठेवून त्यांच्या खुणा जुळतात का ते पाहिलं आणि पाच घरी वाटल्या. त्यानंतर कोणी भागाचा फोटो पाठवला, तर फोटोत ती पट्टी असलीच पाहिजे, नसली तर फोटो परत. चित्रात प्रत्येक माप दोन्ही पद्धतींनी लिहायला लागलो, मिलिमीटर वर, सूत खाली. आणि फिरणाऱ्या दांड्यासाठी लाकडात थेट भोक पाडणं बंद केलं. भोक मोठं पाडून त्यात पितळी बुश, म्हणजे छोटी नळी, बसवतो, दांडा बुशमध्ये फिरतो, थोडी ढील ठेवून. बुश भाऊ करतो, लाकूड अण्णांचं, आणि ज्या दिवशी बुश बसणार त्या दिवशी दोघं एकाच जागी हजर असतात. एकाच्या हातातला भाग दुसऱ्याच्या भागाला जिथे भेटतो, ते काम फोनवर करू नका. पारोळ्याला जायचं, अण्णांच्या ओसरीवर बसायचं, जोडायचं आणि मगच परतायचं.

लाकूड कापायच्या आधी पूर्ण मापाचा पुठ्ठ्याचा डबा करा. आम्ही चिरलेल्या फळीनंतर केला, खरं तर आधीच करायला हवा होता. पुठ्ठ्याच्या डब्यावर हँडल कुठे येतं, दार उघडल्यावर हात आत जातो का, उचलताना वजन कुठे झुकतं, हे सगळं फुकटात कळतं. आमचं दार पुठ्ठ्यातच हँडलला अडकलं. लाकडात अडकलं असतं तर अजून एक फळी गेली असती.

लाकूड जुनंच घ्या. पाडलेल्या घरांच्या चौकटी, दारं, तुळया यांचं सागवान कधीचंच सुकून स्थिर झालेलं असतं. नवं लाकूड आपल्याकडच्या उन्हाळ्यात आक्रसतं आणि पावसाळ्यात फुगतं. मात्र जुन्या लाकडात खिळ्यांचे तुकडे राहतात. रंध्याचं पातं खराब व्हायला एक तुकडा पुरतो, म्हणून आधी लोहचुंबक फिरवून घ्या.

आतली चाकं काकांनी जमवली. भंगारात मिळालेल्या हातशिलाई मशीनच्या हँडलमधलं मोठं आणि लहान दातेरी चक्र त्यांनी बसवलं, त्यामुळे फिरवताना हाताला ओझं जाणवतं आणि खरखर असा आवाज येतो. नुसता मोकळा फिरणारा दांडा खोटा वाटतो. त्या कॅमेऱ्यांत हँडलच्या एका फेऱ्यात आठ चौकटी पुढे जात आणि सेकंदाला दोन फेरे फिरवायचे, म्हणजे सेकंदाला १६ चौकटी. ४०० फुटांचं रीळ या वेगानं ६ मिनिटं ४० सेकंदांत संपतं आणि तेवढ्यात ८०० फेरे होतात. काका हातातल्या घड्याळाकडे बघत मुलांकडून हे करून घेतात. पहिल्या मिनिटाला मुलं हसतात, तिसऱ्या मिनिटाला खांदा दुखायला लागतो. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला, त्यामागे हे असे किती फेरे असतील, हे मग सांगायला फार शब्द लागत नाहीत.

फिल्मचा तुकडा बंद पडलेल्या एका थिएटरच्या ऑपरेटरकडून मिळाला. जुनी फिल्म घेताना कडेवर 'सेफ्टी' असा शब्द छापलेला आहे का ते पाहा. फार जुनी नायट्रेट फिल्म भडकन पेटते, ती शाळेत किंवा घरात आणू नका. दुसरी गोष्ट, बोलपटाच्या फिल्मवर चित्राच्या कडेला आवाजाची पट्टी असते. मूकपटाच्या कॅमेऱ्याचं दार उघडल्यावर ती पट्टी दिसली तर जाणकाराच्या लगेच लक्षात येतं. आम्ही रिळाच्या सुरुवातीची, चित्र नसलेली काळी फिल्म लावली. तिला छिद्रं असल्यामुळे मुलांना फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंची गोष्टही दाखवून सांगता येते. त्या काळी कोरी फिल्म छिद्रांशिवाय यायची, आणि फाळक्यांच्या घरी त्या छिद्रं पाडायच्या. एका फुटाला १२८ छिद्रं, हे मी मुलांकडून मोजून घेते.

पॉलिश चपड्याचं, म्हणजे लाखेचं, कापडानं घासून, पातळ पातळ हात देत. ते पावसाळ्यात करू नका, दमट हवेत पांढुरकं पडतं. आम्ही दिवाळीनंतर केलं. पितळ जुनं दिसावं म्हणून आमच्या शाळेतल्या रसायनशास्त्राच्या सरांनी भाग झाकणाच्या डब्यात अमोनियाच्या वाफेवर ठेवले, उघड्या मैदानात, चष्मा लावून. हे घरात करण्यासारखं काम नाही.

वेळापत्रक माणसांकडे बघून आखा. लग्नसराईत अण्णांकडे कपाटं आणि पलंग असतात. कापूस वेचणीच्या दिवसांत भाऊ रविवारी शेतात असतो. काका तेवढे मोकळे, पण उन्हाळ्याच्या दुपारी भुसावळहून त्यांना बोलवायचं मला बरं वाटत नाही. आम्ही 'अखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) डबा, दिवाळीनंतर पॉलिश' एवढंच ठरवलं आणि ते पाळलं. एक बैठक मात्र कोणी चुकवत नाही: हिवाळ्यात भाऊच्या शेतावरची, भरीत-पुरीची. वांगी काट्यांवर भाजत असताना वादाच्या गोष्टी काढायच्या, हे आम्ही ठरवून करतो. भिंगाचा वाद तिथेच मिटला.

पैशाची एक वही ठेवा आणि ती एकाकडेच असू द्या. आमची माझ्याकडे आहे. एकूण ६,८०० रुपये लागले, त्यातलं पितळच निम्म्याहून जास्त. लाकूड अण्णांनी दिलं, मजुरी कोणी घेतली नाही. पण वहीत मी अण्णांच्या नावापुढे लाकडाची किंमत आणि भाऊच्या नावापुढे लेथचे तास लिहिले. घेतले नाहीत म्हणून लिहायचेही नाहीत, असं करू नका. आणि कोणत्या भागावर शेवटचा शब्द कोणाचा, हे पहिल्या पानावर लिहून टाका. लाकडावर अण्णा, पितळावर भाऊ, यंत्रावर काका, अक्षरांवर दादा, मापावर मी. इतरांनी मत जरूर द्यावं, आणि मग थांबावं.

दादांनी दाराच्या आतल्या बाजूला 'प्रतिकृती' हा शब्द सुंदर वळणानं लिहिला आहे. तो शब्द मी आग्रहानं लिहवून घेतला. पुढेमागे कोणी ही वस्तू जुनी आणि खरी म्हणून विकू नये.

कॅमेरा एकाच घरी ठेवत नाही. तीन-तीन महिने फिरतो. काकूंनी जुन्या गोधडीची जाड पिशवी शिवली आहे, हँडल काढून वेगळं गुंडाळायचं आणि डबा मांडीवर घेऊन बसायचं, रॅकवर ठेवायचा नाही. ज्याच्या घरी असेल त्यानं महिन्यातून एकदा दोन्ही बुशांत शिलाई मशीनच्या तेलाचा एक-एक थेंब सोडायचा आणि वहीत तारीख लिहायला मला फोन करायचा. सध्या तो धुळ्याला दादांकडे आहे. चिरलेली फळी अण्णांनी फेकली नव्हती, सरस भरून तीच मागच्या बाजूला लावली आहे. तिथली चीर यंदाच्या उन्हात पुन्हा उघडते का, ते बघायला मी पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीनं पट्टी घेऊन जाणार आहे.